जुन्या दारावरचा माणूस

भाऊंना मी कधी काही खोडताना पाहिलं नाही. वहीत चुकलं, तर चुकलेल्याच्या शेजारी ते बरोबर लिहायचे आणि दोन्ही तसंच ठेवायचे. त्यांच्या स्कूटरला दोन हॉर्न होते. जुना घोगरा झाला म्हणून नवा बसवला, पण जुन्याची तार काही काढली नाही. सहा वर्षांपूर्वी त्यांनी मोबाईलचा नंबर बदलला, तरी जुन्या नंबराचा फोन ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये कायम चार्जिंगला लावलेला असायचा. "जुन्या नंबरावर कोन आला तर?" असं ते विचारायचे. येत कोणीच नव्हतं. यायचे ते इन्शुरन्स विकणारे. त्या प्रत्येकाला भाऊ नम्रपणे सांगायचे, "ताई, हा नंबर कधीतरी बंद होनार हाय, नवा लिवून घ्या." आणि नवा नंबर सावकाश, दोनदा सांगायचे. इन्शुरन्सवाल्यांना स्वतःहून आपला नंबर देणारा माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

ते राहायचे एडवणला आणि तिथून रोज स्कूटरवर बोईसरला यायचे. व्हॉल्व्ह आणि पाइप विकणाऱ्या एका दुकानाच्या वर आमचं ऑफिस होतं. तारापूरच्या कारखान्यांना आम्ही गेटचं सॉफ्टवेअर पुरवायचो. कामगार कधी आत गेला, कधी बाहेर आला, टँकर कुठला, त्यात काय आहे, असल्या नोंदी. वीस वर्षं त्यात कोणी ना कोणी भर घातली होती आणि भर घालून निघून गेलं होतं. एक जण कॅनडाला गेला, दोघं पुण्याला, आणि ज्यानं सगळ्यात अवघड भाग लिहिला तो वाणगावला मिरची लावत होता. त्याला अडचण विचारायला फोन केला की तो फक्त मिरचीवरच्या रोगांबद्दल बोलायचा. उरले भाऊ. ते मूळचे पाइप फिटर. कारखान्यात गुडघा गेला, जिने चढवेनात, म्हणून त्यांना गेटच्या कॉम्प्युटरवर बसवलं होतं. तिथून ते हे काम शिकले आणि आमच्याकडे आले. आमचं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर होतं आणि लिफ्ट नव्हती, पण त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत.

डब्यात बहुतेक सुकट असायची. पुण्याहून नवे मॅनेजर आले, त्यांनी पहिल्याच आठवड्यात मायक्रोवेव्हवर कागद चिकटवला: उग्र वासाचे पदार्थ येथे गरम करू नयेत. दुसऱ्या दिवशी त्या कागदाखाली लाल पेन्सिलीनं तारीख घातलेली होती आणि एक शब्द होता, "वाचलं." भाऊंनी त्या दिवसापासून सुकट गारच खाल्ली. पण कागद पडला की तो पुन्हा नीट चिकटवायचेही तेच.

ही लाल पेन्सिल आणि एक जाड वही त्यांच्या कापडी पिशवीत असायची. वहीवर लिहिलं होतं, "आवतण". त्यांच्या गावाकडे लग्नाचं आवतण घरोघर जाऊन द्यायचं असतं. उंबऱ्याशी उभं राहून, घरातल्या मोठ्या माणसाला, तोंडानं. पत्रिका खिडकीतून टाकली किंवा मोबाईलवर पाठवली तर ते आवतण धरत नाहीत, आणि ज्या घराला सांगायचं राहिलं ते घर पुढची दहा वर्षं तुमच्याकडे पाठ करून बसतं. भाऊंचं सगळं इंजिनिअरिंग एवढ्यावर उभं होतं. हे कळायला मला त्यांच्या मुलीच्या लग्नाची गोष्ट ऐकावी लागली. ती ते सांगायचे नाहीत. त्यांचा मेव्हणा सांगायचा, आणि तोही चिडून.

लग्नाचा मांडव शाळेच्या मैदानावर ठरला होता. एडवण, कोरे, दातिवरे, सगळीकडे आवतण देऊन झालं, आणि मग कळलं की त्याच दिवशी मैदानावर टेनिस बॉल क्रिकेटची स्पर्धा आहे. आमच्या भागात लग्न पुढे ढकलता येतं, टेनिस बॉलची स्पर्धा नाही. मांडव देवळामागच्या वाडीत हलवला. भाऊ पुन्हा सगळ्या घरी गेले. प्रत्येक उंबऱ्याशी उभे राहिले, "जागा बदलली" म्हणून सांगितलं आणि वहीत लाल खूण केली. एवढं पुरे होतं. पण लग्नाच्या दिवशी त्यांनी मेव्हण्याला खुर्ची, छत्री आणि वही देऊन शाळेच्या मैदानाच्या कडेला बसवलं.

"कोन जुन्या जागेवर आला तर त्याला वाडीत पाठव, आनि नाव लिवून ठेव."

"अरे, सगळ्यांना सांगितलंय ना तुमी?"

"आपल्याला ठाऊक हायेत त्यांना सांगितलंय."

मेव्हणा दिवसभर उन्हात बसला. खेळणाऱ्यांना वाटलं हा स्कोअर लिहितोय. दोन वेळा त्याच्याकडे येऊन त्यांनी रन विचारले, तिसऱ्यांदा त्यानं सांगितलेही. इकडे वाडीत सगळे जमले, मुहूर्त जवळ आला, आणि नवऱ्यामुलाच्या मामाचा पत्ता नाही. मामा गुजरातेतून येणार होते. त्यांच्याकडे मुलाकडची पत्रिका होती, आणि मुलाकडच्या पत्रिकेत छापलेलं होतं शाळेचं मैदान. ती पत्रिका भाऊंच्या वहीत नव्हतीच. मामा बरोबर मैदानावर पोचले, मेव्हण्यानं त्यांना मोटारसायकलवाल्याच्या मागे बसवून वाडीत पाठवलं, आणि अक्षता वेळेवर पडल्या. मेव्हण्याला मात्र भाचीचं लग्न दिसलं नाही. त्याचं जेवण डब्यातून मैदानावर आलं. दोन वर्षं तो भाऊंशी बोलला नाही.

आता माझ्या पराक्रमाकडे येतो. मी तेव्हा सफाळ्याहून यायचो, हुशार समजला जायचो आणि पुण्याच्या ऑफिसात बदली व्हावी म्हणून जीव टाकत होतो.

आमच्या सॉफ्टवेअरमध्ये एक फंक्शन होतं. त्याला कुठलं गेट आणि कुठली पाळी एवढं सांगितलं की ते आत असलेल्या सगळ्या माणसांची यादी द्यायचं. फंक्शनला काय काय सांगायचं आणि कुठल्या क्रमानं, हे ठरलेलं असतं, त्याला आमच्यात सिग्नेचर म्हणतात. ती बदलली की त्या फंक्शनला हाक मारणाऱ्या प्रत्येकानं आपली हाक बदलायची. नाहीतर उत्तर चुकतं, किंवा येतच नाही. ह्या फंक्शनला आमच्या प्रोग्राममधून तीनशे बारा ठिकाणांहून हाक मारली जात होती.

ती सिग्नेचर बदलण्याचं कारण होतं थर्मास. रंग बनवणाऱ्या एका कारखान्यानं आपल्या वर्धापनदिनाला, आत असलेल्या प्रत्येकाला एकेक थर्मास वाटला. वाटताना आमची यादी वापरली. त्या यादीत कंत्राटी कामगारही होते, त्यामुळे पिंपं धुणाऱ्यांनाही थर्मास गेले. तिथल्या साहेबांना हे फार लागलं. पुन्हा असं होऊ नये म्हणून त्यांनी मागणी केली की यादी मागताना तिसरी गोष्टही सांगता यायला हवी: कंत्राटी धरायचे की नाही.

मॅनेजर म्हणाले, "दोन दिवसांचं काम आहे." मी म्हटलं, दोन मिनिटांचं. आमच्याकडे एक टूल होतं. त्यात फंक्शनवर क्लिक केलं की ते स्वतःच सगळी ठिकाणं शोधून सगळ्या हाका बदलतं. फक्त एक प्रश्न विचारतं: जुन्या ठिकाणी ही नवी गोष्ट काय भरू? मी "नाही" भरलं. का भरलं म्हणाल तर थर्मासवाल्यांना "नाही" हवं होतं म्हणून. तीनशे बारा ठिकाणी "नाही" पडलं, पडद्यावर हिरव्या खुणा आल्या आणि मी चहा प्यायला गेलो.

परत आलो तर भाऊ माझ्या खुर्चीमागे उभे होते. चष्मा कपाळावर आणि नाक पडद्याला टेकलेलं.

"तू हे 'नाय' लिवलंस, ते कोनाला विचारून?"

"टूलनं विचारलं भाऊ, मी भरलं."

"टूलनं तुला विचारलं. तू कोनाला विचारलंस?"

मी म्हटलं, थर्मास. ते म्हणाले, "थर्मासचं एक घर झालं. तीनशे अकरा घरांत तू न विचारता सांगून आलास का कंत्राटी मानूस मानूस नाय."

त्यांनी माझा सगळा बदल परत फिरवला आणि आपल्या पद्धतीनं काम सुरू केलं. जुनं फंक्शन होतं तसंच ठेवलं. शेजारी नवं लिहिलं, त्याला तिन्ही गोष्टी सांगाव्या लागत. जुन्याला एवढंच शिकवलं की कोणी आलं तर त्याच्या वतीनं "हो, कंत्राटी धरा" म्हणून नव्याकडे पाठव, आणि कोण आलं होतं ते लिहून ठेव. मेव्हण्याला खुर्चीत बसवलं, असं ऑफिसात आम्ही म्हणायचो. मग तीनशे बारा ठिकाणं वहीत उतरवली आणि प्रत्येक ठिकाणच्या यादीचं पुढे काय होतं हे विचारायला ते कारखान्या-कारखान्याच्या गेटवर जाऊ लागले. मागच्या सीटवर मी. गुडघ्यामुळे त्यांना स्कूटर स्टँडवर लावता यायची नाही, म्हणून मला नेत असावेत.

पाच महिने हे चाललं. ऑफिसच्या भिंतीवर मॅनेजरांनी रंगीत चिठ्ठ्यांचा बोर्ड केला होता. करायचं, चालू, झालं, असे तीन रकाने. भाऊंची चिठ्ठी "चालू"मध्ये इतकी राहिली की तिचा गोंद वाळला. ती रोज सकाळी जमिनीवर पडलेली असायची, आणि शेवटी भाऊंनी ती फेव्हिकॉलनं चिकटवली. मॅनेजरांना हे उद्धटपणाचं वाटलं. चिठ्ठी पडू नये एवढंच भाऊंच्या मनात होतं, हे मी त्यांना सांगून पाहिलं, पण पटलं नाही.

मला आधी ह्या फेऱ्यांची लाज वाटायची. मग एका कारखान्यात कॅन्टीनवाल्या बाईंनी आमची यादी दाखवली. त्यावर त्या रोज तांदूळ मोजायच्या. "कंत्राटी काढून टाकले तर काय होईल?" भाऊंनी विचारलं. बाई म्हणाल्या, "काय होईल? नव्वद माणसं भाताविना उठतील, आनि शिव्या मला पडतील." भाऊंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. वहीत "हो" लिहिलं आणि लाल खूण केली. आणि मी "नाही" भरलं त्या दिवशी चहा पिऊन आल्यावर माझं काम कारखान्यांकडे रवाना करणारच होतो.

थर्मासच्या कारखान्याच्या गेटवर पांडेजी म्हणून वॉचमन होते. पंधरा वर्षं तिथेच. त्यांच्या केबिनच्या भिंतीवर ऑइल पेंटनं नंबर रंगवले होते, त्यात भाऊंचा जुना नंबर होता. भाऊंनी सगळं विचारून झाल्यावर सहज विचारलं, "भोंगा वाजला की काय होतं?"

पांडेजी म्हणाले, "बटन दबाओ तो उधर प्रिंटर से कागज़ निकलता है। अंदर कौन-कौन है, नाम के साथ।"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. आमच्या प्रोग्राममध्ये भोंगा हा शब्दच कुठे नव्हता. कारखान्याच्या एका जुन्या इलेक्ट्रिशियननं स्वतःच काहीतरी जोडलेलं असणार. तो आखातात गेला होता आणि त्याचा नंबर कोणाकडे नव्हता. ते तीनशे तेरावं घर असेल तर ते आमच्या कुठल्याच टूलला दिसणार नव्हतं. खात्री करायचा मार्ग एकच होता, बटण दाबायचं आणि मेव्हण्याच्या वहीत नाव येतं का बघायचं. भाऊ सेफ्टी ऑफिसरकडे गेले. ते म्हणाले, भोंगा असा वाजवता येत नाही, आजूबाजूचे लोक घाबरतात.

"मंग तुमची मॉक ड्रिल कशी होते?"

"दर तीन महिन्यांनी होते की," ऑफिसर म्हणाले आणि अल्बम उघडला. फोटोत माणसं हेल्मेट घालून, हात वर करून, मैदानात हसत उभी होती. भोंगा बंद ठेवूनच ड्रिल व्हायची.

तीनशे बारा घरं झाली, सगळ्यांच्या हाका नव्या फंक्शनकडे वळल्या. त्यानंतर जुन्या दारावर, म्हणजे जुन्या फंक्शनकडे, कोणी येईना. एक महिना गेला, सहा गेले, अकरा गेले. मेव्हण्याची वही कोरी. मॅनेजरांनी ह्या काळात कोड साफ ठेवायची मोहीम काढली. कोणीच वापरत नाही असं जे जे टूलला दिसेल ते काढून टाकायचं, आणि जो जास्त काढेल त्याला सर्टिफिकेट. भाऊंच्या जुन्या दारापुढे टूल रोज लाल ठिपका दाखवायचं.

"अकरा महिने झिरो कॉल. अजून काय पुरावा हवा, भाऊ?"

"भोंगा वाजला की पुरावा मिळंल."

"म्हणजे अपघात होईपर्यंत थांबायचं?"

"थांबायचं नाय. ठेवायचं," भाऊ म्हणाले. "काय खातं तुमचं? बारा ओळी हायेत."

निवृत्तीनंतर भाऊ वर्षावर्षाच्या करारावर होते. त्या वर्षी करार वाढला नाही. कारण म्हणून पत्रात "नव्या कार्यपद्धतीशी जुळवून घेण्यात अडचण" असं छापलं होतं. भाऊंनी त्यावर तारीख घालून "वाचलं" लिहिलं.

शेवटचे तीन दिवस ते ऑफिसात बसलेच नाहीत. सगळ्या गेटवर फिरून सांगत होते की मी जातोय, आणि जुनं दार बहुतेक बंद करतील. मी बरोबर होतो. पांडेजींना त्यांनी पिशवीतून एक कोरी शंभर पानी वही काढून दिली. "पांडेजी, जो अंदर जाएगा, उसका नाम लिखो. बाहर आया तो निशान करो. काटना नहीं, निशान." पांडेजींनी विचारलं, कॉम्प्युटर आहे ना? भाऊ म्हणाले, "है. आप लिखो." जाताना ऑफिसात मला जुना फोन दाखवून म्हणाले, "ह्याला चार्जिंगला ठेवशील?" मी हो म्हटलं. मग त्यांनी त्या बारा ओळींबद्दल एकही शब्द न काढता माझ्या पाठीवर हात ठेवला, तो मला जड गेला.

त्या बारा ओळी आठ दिवसांनी मी काढल्या. मॅनेजरांनी दम दिला नव्हता. नुसतं म्हणाले होते, "पुण्यासाठी तुझं नाव पाठवतोय, तेवढं साफ करून टाक." भोंग्याचं मला पक्कं आठवत होतं. आठवत असताना मी बटण दाबलं. हे मी लपवत नाही, कारण लपवून बघितलं आणि जमलं नाही. सर्टिफिकेट आलं, त्यावर झाडूचं चित्र होतं.

नंतर एका दुपारी ड्रॉवरमधला फोन वाजला. इन्शुरन्सवाले असतील म्हणून मी भाऊंच्या सवयीनं नवा नंबर सांगायच्या तयारीनं तो उचलला.

"भाऊसाब हैं?" पांडेजी होते. मागे माणसांचा गोंगाट. "उनको बोलना, कॉपी काम आ गई।" कॉपी म्हणजे भाऊंनी दिलेली ती शंभर पानी वही.

पुढचं त्यांच्याकडून तुकड्यातुकड्यांनी कळलं. कारखान्यात एका टाकीतून वायू सुटला. पांडेजींनी बटण दाबलं, भोंगा वाजला, सगळे गेटबाहेरच्या मैदानात पळाले, आणि बाहेर येणाऱ्या प्रत्येकाच्या नावापुढे पांडेजी खूण करत गेले. प्रिंटरमधून कागद आला. वर कारखान्याचं नाव, तारीख, वेळ, खाली "आत असलेल्या व्यक्ती", आणि त्याखाली काहीच नाही. ज्या जुन्या दारातून ती नावं यायची ते मी काढून टाकलं होतं. सेफ्टी ऑफिसरनं तो कोरा कागद पाहिला आणि सुटकेचा श्वास टाकला. यादीत कोणी नाही म्हणजे आत कोणी नाही. ते तसं जाहीर करणार, एवढ्यात पांडेजी केबिनमधून वही घेऊन आले.

"साब, मेरी कॉपी में एक बाकी है।"

नाव होतं सोमी. विक्रमगडकडची. भाताची कापणी उरकली की बोईसरला कामाला यायची. पिंपं धुवायच्या शेडमध्ये होती, कारखान्याच्या पार मागच्या टोकाला. दोघं मास्क लावून गेले आणि तिला उचलून आणलं. डोळ्यांतून पाणी, खोकला थांबेना, पण ती वाचली. माझ्या हातून एक माणूस मरायचा राहिला होता, तोही एका वहीमुळे, जी ठेवण्यात माझा काडीचा हात नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्या कारखान्याचं पत्र आलं. आत किती माणसं याची गणती चार मिनिटांत पूर्ण, आपल्या प्रणालीबद्दल समाधान. मॅनेजरांनी ते सगळ्यांना पाठवलं आणि खाली टाळ्यांची चित्रं घातली. कोऱ्या कागदाबद्दल अहवालात "प्रिंटरची किरकोळ अडचण" असं होतं. प्रिंटर बदलण्यात आला.

मी सुट्टी टाकून आधी त्या गेटवर गेलो. सोमी कामावर परत आली होती. मला कोणीतरी अहवालवाला साहेब समजून ती उभी राहिली.

"मी त पिंपां धुवत होती साहेब," ती म्हणाली. "पान्याचा आवाज होता, भोंगा आयकाला नाय आला." आपली चूक झाली असं तिला वाटत होतं. चूक माझी होती हे मी तिला सांगितलं, पण बारा ओळी म्हणजे काय हे तिला सांगता येईना. तिनं ऐकून घेतलं आणि शेजारचा थर्मास उघडून मला झाकणात चहा दिला. थर्मासवर कारखान्याचं नाव आणि वर्धापनदिनाच्या शुभेच्छा होत्या.

तिथून मी एडवणला गेलो. भाऊ ओट्यावर बसून सुकट निवडत होते. पांडेजींनी जुन्या नंबरावर फोन केला, इथपासून मी सुरुवात केली, पण त्यांनी मला थांबवलं.

"बाई बरी हाय ना?"

"बरी आहे. कामावर आलीये."

त्यांनी डोळे मिटले. मग उघडले आणि एकदम त्यांचा चेहरा फुलला. "आनि फोन जुन्या नंबरावर आला? खरंच?" आत वळून त्यांनी बायकोला हाक मारली, "आयकलंस काय! जुन्या नंबरावर आला!" सहा वर्षांनी जुन्या जागेवर कोणीतरी आलं होतं, याचा त्यांना इतका आनंद झाला होता की मला पुढचं बोलवेना. तरी बोललो.

"भाऊ, ते मी खोडलं होतं. माहीत असून."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. हात झटकून ते आत गेले आणि पिशवीतली लाल पेन्सिल आणून माझ्या हातात दिली.

"मंग आता शेजारी बरोबर लिव. आनि जेवून जा."

पुण्याला मी गेलो नाही. त्या बारा ओळी मी परत घातल्या. दर तीन महिन्यांनी टूल मला विचारतं, हे कोणीच वापरत नाही, काढून टाकू? मी "नाही" भरतो. खाली कारण विचारतं, तिथे लिहितो, "सोमी, पिंपं धुण्याची शेड." मॅनेजरांनी एकदा ते वाचलं आणि माझ्या टेबलापाशी आले.

"ही सोमी कोण? क्लायंटकडची कोणी सीनियर आहे का?"

"हो," मी म्हटलं. "तिला विचारून लिहिलंय."

ते मान डोलावून गेले. मी ड्रॉवर उघडला आणि फोन चार्जिंगला लागलाय ना, ते बघितलं.